काढलेला पार्ट

डॉक्टरांनी डोळ्यावरची पट्टी काढली आणि आमच्या ह्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जुना पार्ट कुठाय?"

डॉक्टरांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मांडीवरची पर्स घट्ट धरून छताकडे बघत बसले.

"डोळ्यातून काढलात तो," हे म्हणाले. "नवीन काच बसवलीत ना? मग जुनी गिऱ्हाइकाला परत द्यायला नको?"

आता ह्यात त्या बिचाऱ्या डॉक्टरांची काही चूक नव्हती. त्यांना आमचं दुकान माहीत नव्हतं. आमचे हे घड्याळजी. बाजाराच्या गल्लीत, किल्लीवाल्याला लागून आमचं लांबट दुकान. पुढे ह्यांचं टेबल, मागे बंद पडलेल्या घड्याळांची कपाटं. गल्लीतली पोरं ह्यांना टिकटिकराव म्हणतात आणि ह्यांना ते माहीत नाही असं समजतात. ह्यांचं म्हणणं असं, की घड्याळाच्या धंद्याइतकी सोपी चोरी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात नाही. चांगला पार्ट काढायचा, हलका बसवायचा, झाकण लावायचं. आत काय झालं ते गिऱ्हाइकाच्या बापाला कळत नाही. म्हणून ह्यांचा नियम. काढलेला पार्ट, मग तो मोडका असो, झिजलेला असो, कागदाच्या पुडीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्या पुड्या मी घरी जुन्या कॅलेंडरांच्या पानांच्या करते. लग्न झाल्यापासून करते आहे.

दुसरा नियम, दुरुस्त झालेलं घड्याळ आठवडाभर खिळ्यावर टांगून ठेवायचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. कानाशी धरायचं नाही, किल्ली द्यायची नाही, मागचं झाकण उघडून 'जरा बघू' म्हणायचं नाही. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगतात, "घाई असेल तर बंदच घेऊन जा. निदान ते बिघडणार तरी नाही."

डॉक्टर तरुण होते, पण सभ्य. त्यांनी समजावून सांगितलं, की मोतीबिंदू आतल्या आत फोडतात आणि बारीक नळीनं ओढून घेतात. परत द्यायला काही उरतच नाही. ह्यांनी मान डोलावली. जिना उतरताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सगळे असंच सांगतात. झिजून गेला, भुगा झाला, फेकून दिला. कुठंतरी पाणी मुरतंय."

"डोळ्यात पाणी मुरत नसतं," मी म्हटलं. "पायऱ्या बघा."

हे मी हसण्यावारी नेते आहे, पण तेव्हा हसू येत नव्हतं. ह्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. उजेड आणि सावली, बस एवढंच दिसतं त्याला. सगळा भार उजव्यावर. ह्याच डोळ्यात भिंग अडकवून ह्यांनी आयुष्यभर घड्याळं उघडली. भुवई आणि गाल ह्यांच्यामध्ये ते भिंग चिमटून धरायचं, तेही दिवसभर. त्यामुळे उजव्या डोळ्याभोवती एक गोल वळ पडलेला. लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे. फोटोवाल्यानं तो पुसायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे फोटोत हे थोडे मार खाल्ल्यासारखे दिसतात. हा डोळा गेला असता तर दुकान गेलं असतं, आणि दुकानाशिवाय हा माणूस कसा असतो ते मी कधी बघितलेलंच नाही. बघायची इच्छाही नव्हती.

सुरुवातीचे दिवस तर सणासारखे गेले. हे सकाळी पलंगावरूनच भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा बघायचे आणि सगळ्यांना ओरडून वेळ सांगायचे. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्याचं एक बटण तुटलंय, हे त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. शेजाऱ्यांना ते फारसं आवडलं नाही. डॉक्टरांनी महिनाभर काम बंद ठेवायला सांगितलं होतं. हे काही न बोलता कबूल झाले. तिथेच मला संशय यायला हवा होता. हा माणूस काही न बोलता कधी चहासुद्धा पीत नाही.

मग एके दिवशी संध्याकाळी म्हणाले, "दिवा मंद केलायस का?"

"नाही."

"मग काचेवर कुणीतरी फुंकर मारल्यासारखं का दिसतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं बरं वाटलं, संध्याकाळी पुन्हा धूसर. सेकंद काटा दिसेनासा झाला. डोळा लाल दिसायला लागला. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यंत्रासमोर हनुवटी ठेवायला लावली, आत प्रकाश टाकला, बराच वेळ बघितलं. "काच जागेवर आहे, उत्तम आहे," ते म्हणाले. "पण डोळ्याला सूज आहे. हात लावता का? चोळता?"

"छे," हे म्हणाले.

"काही काम सुरू केलंय?"

"छे."

आणि मी अतिशहाणी, मध्ये बोलले. "नाही हो डॉक्टर, मी असते ना घरात. माझं लक्ष असतं."

डॉक्टरांनी थेंबांची दुसरी बाटली लिहून दिली, जुनीही चालू ठेवायला सांगितली. बाहेर आल्यावर ह्यांनी निकाल दिला. काच हलकी आहे. उत्तम म्हणून पैसे घेतले आणि आतून हलकी बसवली. "म्हणून तर जुना पार्ट दाखवला नाही. दाखवला असता तर नव्याशी ताडून बघितला असता मी."

"अहो, डोळ्यातला पार्ट घड्याळात बसणारा असतो का? कशाशी ताडणार होतात?"

मग संशय डॉक्टरांवरून उठला आणि घरात येऊन बसला.

घरात आम्ही तिघं. मुलगा जहाजावर, महिनोन् महिने समुद्रात. तो कधी फोन करतो आणि फोनमध्ये वाराच जास्त ऐकू येतो. सून घरी असते, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते. तिचं मशीन आमच्या बेडरूममध्येच, खिडकीपाशी. पडदे लांबच लांब, त्यामुळे दिवसभर पलंगावर कापड पसरलेलं असतं आणि ह्यांना दुपारी आडवं व्हायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. गेल्या वर्षी एकदा ती सहज म्हणाली होती, "बाबा, दुकानाचा मागचा भाग रिकामा केला तर माझं मशीन तिथे बसेल." बस, एवढंच. हे तेव्हा हसले होते. पण हा माणूस हसतो तेव्हाही आत नोंद करून ठेवतो.

आणि थेंब घालायचं काम होतं तिच्याकडे. तिचा हात स्थिर. सुईत दोरा ओवणारा हात. माझा हात थरथरतो, मी थेंब घातला तर तो कानात जायचा. ती वेळेवर मशीन थांबवायची, हात धुवायची, ह्यांची मान मागे करायची, "वर बघा, बाबा," म्हणायची आणि एक थेंब नेमका आत सोडायची. थोडा वेळ थांबून दुसऱ्या बाटलीतला. चुकताना कधी बघितलं नाही मी तिला.

"तिनं थेंब घातले की जळजळतं," हे मला म्हणाले. ती स्वयंपाकघरात होती.

"औषध आहे ते. गुलाबपाणी नाही."

"आधी बरं दिसत होतं. मग धूसर झालं. मधे काय बदललं? कुणाला पाहिजे होतं दुकान बंद व्हायला?"

"जिभेला काही हाड?" मी म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. संशय हा पाहुण्यासारखा असतो. एकदा चहा पाजला की जेवायलाच बसतो. ती आंघोळीला गेली तेव्हा मी दोन्ही बाटल्या उघडून वास घेतला. झाकणं बघितली. एक थेंब माझ्या मनगटावर टाकून बघितला, जसं काही मनगटाला दिसतंच. तिनं थेंब घालताना मी दारात उभी राहायला लागले, हातात उगाच एखादं फडकं घेऊन. ती मूर्ख नाही. एकदा तिनं बाटली माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "आई, नाव वाचून घ्या आधी." मी म्हटलं, "छे गं, मी सहज उभी आहे." पण वाचलं.

मग एकदा जेवताना ह्यांनी बॉम्ब टाकला. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "आजपासून थेंब तू घालू नकोस."

सुनेचा हात थांबला. "का, बाबा?"

"नको म्हटलं ना. ही घालेल."

"आईंचा हात थरथरतो."

"थरथरू दे. थरथरणाऱ्या हाताची भीती नाही मला."

सूनबाईनं ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आई, तुम्हालाही असंच वाटतं?"

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंडात घास होता, म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला सांगितलं. घास गिळून झाल्यावरही बोलले नाही. ती उठली, दोन्ही बाटल्या आणून माझ्या ताटाशेजारी ठेवल्या आणि आत जाऊन मशीन सुरू केलं. त्या दिवशी मशीन फार जोरात चाललं.

तेव्हापासून थेंब मी घालायला लागले. पहिला गालावर, दुसरा भुवईवर, तिसरा आत. औषध जास्त संपायला लागलं. घरात तीन माणसं आणि एकाशी एक बोलत नाही. सून मला विचारायची ते फक्त, "भाजी कुठली?" आणि हे दुपारी "पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर जायचे. मला वाटलं, जाऊ दे, घरात तरी कुठे शांती आहे. बागेत बाकावर बसत असतील.

डोळा मात्र बरा होईना. आता सुनेचा हात नव्हता, बाटल्या तिच्याकडे नव्हत्या, सगळं माझ्या ताब्यात होतं, तरी संध्याकाळ झाली की धूसर. "आता कोण?" मी ह्यांना विचारलं. "आता मी घालते आहे. आता मलाही दुकानात मशीन टाकायचंय का?" हे उठून चपला शोधायला लागले. वाद जिंकायची एवढी चांगली संधी मिळाली आणि मला तिचा आनंदच घेता येईना.

आणि मग एके दिवशी सकाळी थेंब घालायला मी त्यांचा चेहरा धरला. खिडकीतून चांगला उजेड येत होता. मला एकदम वाटलं, हा कुणा परक्याच माणसाचा चेहरा आहे. काय वेगळं आहे ते कळेना. दाढी तीच, नाक तेच. डोळ्याखालची कातडी मात्र मऊ, सपाट, एखाद्या कारकुनाची असावी तशी. मी थेंब घातला आणि कामाला लागले. दिवसभर काहीतरी टोचत राहिलं.

संध्याकाळी पुन्हा चेहरा हातात घेतला तेव्हा बरं वाटलं. हा आपला ओळखीचा माणूस. डोळ्याभोवती तो गोल वळ, भुवईपासून गालापर्यंत, नेहमीचा.

बाटली हातातच राहिली.

वळ सकाळी नव्हता. डॉक्टरांनी काम बंद करून इतके दिवस झाले, तर वळ असायलाच नको होता. आणि संध्याकाळी तो ताजा, लालसर, ठसठशीत. इतकी वर्षं मी तो वळ रोज बघत आले, म्हणून तो परत आला तरी मला दिसला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"काय झालं?" हे म्हणाले. "घाल ना."

"घालते," मी म्हटलं. काही बोलले नाही. इतक्या वर्षांत मीही काही शिकले असेनच.

दुसऱ्या दिवशी हे पाय मोकळे करायला निघाले, आणि मी त्यांच्यामागे निघाले. सून मशीनवर होती. मी चपला घालताना तिनं मान वर केली. "चल," मी म्हटलं. काय, कुठे, काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. खांद्यावरची टेप तशीच ठेवून ती आली.

बाग उजवीकडे. हे डावीकडे वळले. भाजीवालीपाशी थांबून त्यांनी मागे बघितलं. चोराच्या मनात चांदणं. आम्ही दोघी टपरीवर मांडलेल्या बादल्यांच्या मागे झालो. बादलीवाला म्हणाला, "कुठली देऊ?" सून म्हणाली, "लाल," आणि आम्ही पुढे गेलो. बाजाराच्या गल्लीत आमच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. किल्लीवाला आम्हाला बघून उगाच एक किल्ली घासायला लागला. म्हणजे ह्यालाही माहीत होतं.

मी वाकून आत बघितलं.

टेबलावरचा दिवा लावलेला. हे त्यांच्या स्टुलावर, पाठ वाकवून बसलेले. समोर एक लहानसं मनगटी घड्याळ उघडून ठेवलेलं. आणि ऑपरेशन झालेल्या त्या डोळ्यात, भुवई आणि गालाच्या मध्ये, भिंग. काळं, जुनं, कडेला तेल आणि पितळेची धूळ बसलेलं. हे चिमट्यानं काही करत नव्हते. नुसते बघत होते. घड्याळाच्या आतली ती केसाएवढी बारीक कमान, तिची वेटोळी मोजत होते. ओठ हलताना दिसत होते. मोजता मोजता अडायचे, भिंग आणखी दाबायचे, पुन्हा पहिल्यापासून. मग भिंग काढलं, टेबलावरचं पिवळं फडकं उचललं, ज्यानं ते तेलकट हात पुसतात तेच, आणि त्या फडक्यानं डोळा पुसला.

माझ्या डोक्यात असा काही राग गेला की मी अर्ध्या शटरखालून आत गेले, ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी.

"काय चाललंय?"

हे दचकले. भिंग मुठीत लपवलं, पोरानं लिमलेटची गोळी लपवावी तसं. "बघत होतो," म्हणाले. "नुसतं बघत होतो. काम करत नव्हतो."

"काय बघत होतात?"

"दिसतंय का ते." आवाज एकदम बारीक झाला. "तो डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. भिंतीवरची अक्षरं कोण वाचत नाही? माझं काम भिंतीवर असतं का? मला वेटोळी दिसतात का ते बघायला नको? आधी दिसायची. मग रोज एकेक कमी व्हायला लागलं. म्हणून रोज बघत होतो."

"रोज?"

"रोज."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्यावर दुरुस्त झालेली घड्याळं टांगलेली होती. ऑपरेशनच्या आधीची, गिऱ्हाइकं अजून न्यायला न आलेली. "ही कशाला टांगलीत? झाकण उघडून रोज बघा ना, चालतंय का! गिऱ्हाइकानं नुसतं कानाशी धरलं तर त्याच्या अंगावर धावून जाता. आणि स्वतःचा डोळा? ताजा दुरुस्त झालेला, रोज उघडून बघता? त्यावर हे घाणेरडं भिंग दाबता? तेल घालता त्यात?"

ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांना त्यातलं किती दिसत होतं कोण जाणे. मग त्यांचा खालचा ओठ थरथरला आणि मला माझाच राग आला.

"गेला का गं?" त्यांनी विचारलं. "डोळा गेला का?"

माझ्यामागे सून उभी होती. ती वाकून आत आली, दिवा बंद केला आणि म्हणाली, "बाबा, उठा. डॉक्टर बसलेत आता. शटर मी ओढते."

डॉक्टरांना सगळं मीच सांगितलं. भिंग, तेल, फडकं. 'माझं लक्ष असतं' हा माझा दावाही परत घेतला. ते ऐकता ऐकता त्यांनी स्वतःचं कपाळ धरलं. मग यंत्रावर पुष्कळ वेळ बघितलं. डोळ्याच्या वरच्या पडद्यावर ओरखडे होते, आत सूज होती. "आणखी थोडे दिवस हे चाललं असतं आणि आत जंतू गेले असते, तर मी काही करू शकलो नसतो," ते म्हणाले. मग थोडे नरमले. "अजून वेळ गेलेली नाही. औषध बदलतो. पण ह्या डोळ्याला आता स्वस्थ राहू द्यायचं. पाहायचा नाही, तपासायचा नाही, दाबायचा नाही."

"म्हणजे खिळ्यावर," हे पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

वाटेत नवं औषध घेऊन आम्ही घरी आलो. सून आत गेली आणि मशीनपाशी बसली, पण मशीन सुरू केलं नाही. हे पलंगाच्या कडेला बसले, पसरलेल्या पडद्यावरच, परवानगी न घेता. मग उठून माझ्या पुड्यांच्या डब्यापाशी गेले, चाचपडत एक पुडी काढली, खिशातलं भिंग तिच्यात घातलं आणि वरची कड दुमडली. गिऱ्हाइकाला देताना दुमडतात तशी, दोनदा. मग सुनेसमोर जाऊन उभे राहिले आणि पुडी पुढे केली.

"काढलेला पार्ट," म्हणाले.

माफी मागणं ह्या माणसाला येत नाही. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत ते मी तरी ऐकेन, पण नाही. मात्र ते पुडी धरून उभे होते आणि हात थरथरत होता, माझ्याहून जास्त.

सुनेनं पुडी घेतली. उघडली. आत बघितलं. "एकच आहे?" तिनं विचारलं.

ह्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून दुसरं काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

"आणि?"

"दुकानात ड्रॉवरमध्ये एक," हे म्हणाले. "शपथ, आणखी नाही."

मला हसू आलं आणि रडूही. पण आधी मला माझं काम करायचं होतं. मी दोन्ही बाटल्या, नव्या, आत्ताच आणलेल्या, तिच्या मशीनवर ठेवल्या. "त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी बोलायला हवं होतं," मी म्हटलं. "मलाही वाटलं होतं तसं. मी चुकले."

माफ केलं की नाही, हे तिनं मला अजूनही सांगितलेलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही. ती उठली, हात धुऊन आली, भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्याला ती पुडी अडकवली आणि ह्यांना खुर्चीवर बसवलं.

"आई, दिवा इकडे धरा," ती म्हणाली. मी धरला.

ह्यांनी मान मागे टाकली. सगळा प्रकाश त्या लाल झालेल्या एकाच डोळ्यावर. तिनं बाटली वर धरली, थेंब टोकाला जमायला लागला.

"ही बाटली कुठली..." म्हणता म्हणता ह्यांनी तोंड मिटलं. डोळा मात्र उघडा ठेवला.